शेजारच्या पथारीवरच्या मावशी

ताई, नमस्कार.

मी २५ वर्षांचा आहे. पुण्यात मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी आमची पथारी असते. आधी वडील बसायचे. ते गेल्यापासून मी आणि आई बसतो. जुनी घड्याळं, कॅमेरे, पितळेची भांडी, वाडा पाडला की निघणाऱ्या कड्या-कोयंडे, असा माल. बारावीनंतर माझं शिक्षण सुटलं. धाकटी बहीण नर्सिंगला आहे.

गेल्या वर्षी एक मुलगी पथारीवर आली. आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे, जुन्या वाड्यांच्या दारांवर अभ्यास करते. प्रभात रोडला बंगला, वडिलांचा भोसरीला कारखाना. आधी कड्या बघायला यायची, मग गप्पा मारायला. मी तिला तांबट आळीत घेऊन गेलो, भंगारवाल्यांच्या गोडाऊनमध्ये नेलं. आता रोज बोलतो. मला ती फार आवडते. तिच्या मनात काय आहे, मी विचारलेलं नाही.

मी तिला सांगितलंय की आमचं जुन्या वस्तूंचं दुकान आहे आणि बाजारात मी हौसेने बसतो. एका बुधवारी ती न सांगता आली. आई बाजूलाच पितळ घासत होती. 'या कोण?' असं तिने विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, 'शेजारच्या पथारीवरच्या मावशी.' आई काही बोलली नाही. तिने त्या मुलीला प्यायला पाणी दिलं. घरी गेल्यावरही आई त्याबद्दल काही बोलली नाही.

कॅफे, बूट, हंपीची ट्रिप, यासाठी मी ओळखीतल्या एकाकडून ४० हजार रुपये घेतलेत, पाच रुपये शेकड्याने. आता पुढच्या महिन्यात तिच्या आईवडिलांच्या लग्नाला २५ वर्षं होतात म्हणून तिने मला घरी बोलावलंय. जाऊ का? गेलो तर काय घालू? माझ्याकडे एक भारी दिसणारं घड्याळ आहे. रिडायल आहे, म्हणजे तबकडी नव्याने रंगवलेली, पण लोकांना कळत नाही. गिऱ्हाइकाला मी रिडायल हे रिडायल सांगूनच विकतो. मित्र म्हणतात, पायरी ओळखून राहा. तुम्हीच सांगा.

एक पथारीवाला

---

तुला अरे-तुरेच करते. माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचा आहेस.

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या पाण्यापाशी थांबले. ज्या मुलीसमोर मुलाने आपल्याला परकं केलं, तिलाच तुझ्या आईने पाणी दिलं. तुझी गोष्ट सावरून धरली. त्या क्षणी ती आई म्हणूनच वागली, फक्त तसं म्हणवून घ्यायची सोय तू ठेवली नाहीस.

म्हणून प्रभात रोड, कपडे, घड्याळ हे सगळं नंतर. आधी आईशी बोल. 'तोंडातून निघून गेलं' असं तिला सांगू नकोस, ते तिला कळलेलंच आहे. 'मला लाज वाटली आणि आता त्या लाजेची लाज वाटते,' एवढं म्हण. ती कदाचित म्हणेल, 'जाऊ दे रे.' जाऊ देऊ नकोस. ती उठून कामाला लागली तर तिच्या बाजूला बसून पितळ घासायला घे, पण बोलणं पुरं कर.

आणि एक गोष्ट तुला ठाऊक असावी. पथविक्रेत्यांसाठी २०१४ साली कायदा झाला. प्रमाणपत्र असलेला विक्रेता वारला तर त्याची मुदत संपेपर्यंत त्याच्या जागेवर कोणी विकायचं, हे त्यात लिहिलेलं आहे. आधी जोडीदार, मग त्याच्यावर अवलंबून असलेलं मूल. तुझ्या वडिलांकडे प्रमाणपत्र होतं की नाही, तू लिहिलेलं नाहीस. असेल तर ज्या जागेवर तू बसतोस तिथे तुझ्याआधी नाव येतं ते तुझ्या आईचं. कागद नसले तरी माझ्या मते जागा तिचीच.

आता माझी एक गोष्ट सांगते. मी तुझ्या गोष्टीत दुसऱ्या बाजूला उभी राहिलेली आहे.

मी १९ वर्षांची होते. पुणं तेव्हा सायकलींचं गाव होतं, आम्ही सगळ्या कॉलेजला सायकलने जायचो. माझे वडील डॉक्टर, घरी मोटार. कॉलेजात एक मुलगा होता, हुशार, मितभाषी. आमचं जुळलं. वडील सरकारी नोकरीत असतात, बाहेरगावी असतात, असं त्याने सांगितलं होतं. आठ महिन्यांनी कळलं की कॉलेजच्या वाटेवर ज्या दुकानात मी सायकलमध्ये हवा भरून घ्यायचे, पंक्चर काढून घ्यायचे, ते दुकान त्याच्या वडिलांचं. त्या माणसाने कित्येकदा माझी सायकल उलटी करून चाक फिरवून बघितलं होतं. मी कोण, हे त्यांना माहीत होतं. ते कोण, हे मला माहीत नव्हतं. मी सुट्टे पैसे द्यायचे आणि ते मान खाली घालून घ्यायचे.

मला दुकानाचा राग आला नाही. मी तशी मुलगी आहे, असं त्याने मला न विचारता ठरवून टाकलं होतं, त्याचा आला. त्यापेक्षा जास्त त्या सुट्ट्या पैशांचा आला. ते आठवलं की अजूनही माझे हात गार पडतात. खरं सांगायचं तर मी तशी असेनही. आमच्या घरात काय झालं असतं, हे आज मला नीट कळतं. कदाचित मी चार महिन्यांत घाबरून मागे फिरले असते. पण तसं वागायची किंवा न वागायची पाळी माझ्यावर आलीच नाही. त्याने माझ्या वतीने उत्तर देऊन टाकलं होतं. आम्ही वेगळे झालो. त्याच्या वडिलांच्या दुकानासमोरून मी पुन्हा गेले नाही, आणि ती मात्र माझी चूक. त्यांची काय चूक होती?

तेव्हा 'या कोण?' हा प्रश्न विचारणाऱ्या मुलीला एक दिवस उत्तर कळणार आहे, एवढं धरून चाल. जुना बाजार छोटा आहे. ती तिथे अभ्यासाला येते, शेजाऱ्यांशी बोलते, वहीत लिहून घेते. कुणीतरी सहज म्हणेल, 'त्याची आई आज नाही आली.' हे तिला बाहेरून कळणं आणि तुझ्या तोंडून कळणं यात फार अंतर आहे.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मला अतिशय आवडलं. तू गिऱ्हाइकाला रिडायल सांगून विकतोस. एचएमटीचा घड्याळांचा कारखाना बंद करायचं सरकारने २०१६ साली ठरवलं. जुन्या 'जनता' आणि 'पायलट'मागे आज हौशी माणसं लागलेली असतात. रंगवलेली तबकडी मूळची म्हणून खपवायचा मोह या धंद्यात किती असेल, याची मला कल्पना आहे. तू तो टाळतोस. पाचशे रुपयांच्या मालात तू जो प्रामाणिकपणा ठेवतोस तोच तुला इथे ठेवायचा आहे, नवीन काही शिकायचं नाही.

आता पैसे. पाच रुपये शेकडा म्हणजे महिन्याला दोन हजार, वर्षाला २४ हजार, आणि मुद्दल जिथल्या तिथे. वर्षाला ६० टक्के! तू माल घेताना असा भाव कुणाला दिला असतास का? हे कर्ज प्रेमापेक्षा आधी मिटव. ज्याने दिलं त्याच्याकडे सावकारीचा परवाना आहे का, ते बघ. नसेल तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याप्रमाणे तो गुन्हा आहे आणि तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात करता येते. ओळखीतला माणूस आहे म्हणून तू तक्रार करणार नाहीस, हे मला दिसतंय. मग निदान समोर बसून मुद्दलाचे हप्ते ठरव आणि लिहून घे. पथविक्रेत्यांसाठी पीएम स्वनिधी योजना आहे. पहिलं कर्ज आता १५ हजारांचं मिळतं, वेळेवर फेडलं तर पुढचं २५ हजारांचं, त्यानंतर ५० हजारांचं, आणि व्याजात ७ टक्के सवलत. त्यासाठी महापालिकेचं विक्री प्रमाणपत्र किंवा शिफारसपत्र लागतं. ते पैसे मालासाठी असतात, त्यातून माल घे आणि सुटणाऱ्या नफ्यातून जुनं देणं फेड. बूट त्यातून घेऊ नकोस.

आणि कॅफे बंद कर. तिला सांग की परवडत नाही. हे वाक्य पहिल्यांदा म्हणताना घसा कोरडा पडतो, दुसऱ्यांदा कमी पडतो. तिला हमाल पंचायतीच्या 'कष्टाची भाकर'मध्ये घेऊन जा. झुणका-भाकर खा, स्वतःच्या खिशातून पैसे दे आणि बघ, बोलणं कसं होतं. वर्षभर जिच्याशी रोज बोलतोस तिच्याशी बोलायला ३०० रुपयांची कॉफी लागत असेल असं मला वाटत नाही.

एक शंका आहे. तिला तू वस्तू खरेदीच्याही खालच्या भावाने दिल्या आहेस का? लिहिलेलं नाहीस, पण तुझ्या जागी असलेला प्रत्येक मुलगा ते करतो. २,६०० ला उचललेलं घंगाळ '१,२०० द्या' म्हणून हातात ठेवतो. तसं केलं असशील तर लक्षात घे, ती अभ्यास करते आहे. तो भाव तिच्या वहीत गेला असेल. तुझ्या प्रेमापायी तिच्या अभ्यासात चुकीचा आकडा बसलाय. भेट द्यायची असेल तर भेट म्हणून दे, विकायची असेल तर भावाने वीक. दोन्हीचं मिश्रण केलंस की तिला ना भेटीचा आनंद मिळतो, ना मालाची किंमत कळते.

श्रीमंती नेमकी कुठे टोचते, ते आता सांगते. लोकांना वाटतं बंगला आणि गाडी. त्याची सवय दोन्ही बाजूंना लवकर होते. टोचतो तो वेळ. तुम्ही हंपीला गेलात. त्यात रविवार गेला असणार. तिच्या दृष्टीने तो सुट्टीचा दिवस होता आणि तुझ्या दृष्टीने आठवड्याची अर्धी कमाई. तू तिला ते सांगितलं नसणार, 'दुकान' कुणीतरी सांभाळत होतं ना! उघड्यावरचा बाजार आहे, पावसाळ्यात ताडपत्री ओढून किती बुधवार नुसते बसून काढतोस ते तुला माहीत. ती एक वर्ष थांबून 'पुढे काय करायचं याचा विचार करते' असं म्हणू शकते आणि तिच्या घरी कुणी हिशोब मागणार नाही. तू दोन रविवार चुकवलेस तर बहिणीची फी अडते. यात तिचा दोष नाही आणि तुझाही नाही. पण तिला हे दिसायलाच हवं. न दिसता ती तुझ्याकडे वेळ मागत राहील, तू देत राहशील आणि एक दिवस तिच्या एखाद्या निष्पाप वाक्यावर तू भडकशील. तेव्हा तिला कळणारसुद्धा नाही, काय झालं ते.

तिच्या बाजूने एक सांगते. ती श्रीमंत नाही, तिचे वडील श्रीमंत आहेत. हिंदू कुटुंबातल्या मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीने आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीने मिळाला. पण माणसाने स्वतः कमावलेलं तो मृत्युपत्र करून कुणालाही देऊ शकतो. कारखाना तिच्या वडिलांनी उभा केलेला असेल तर उद्या तिच्या हाती काय येईल ते त्यांच्या मर्जीवर आहे. हे कशासाठी सांगते? तू पैशाच्या मागे आहेस असं मी म्हणत नाही, पत्रात तसं कुठे दिसत नाही. पण एक रात्र निवांत बसून विचार कर. ती उद्या दोन बॅगा घेऊन तुमच्या घरी आली, नोकरी पहिली, पगार थोडा, तर तुला ती अशीच आवडेल का? आवडेल असं उत्तर आलं तर पुढची सगळी भीती पेलता येते. आणि तिचे वडील प्रेमाने म्हणाले, 'तुला दुकान घालून देतो,' तर काय म्हणायचं तेही आत्ताच ठरवून ठेव. लग्नाच्या बोलण्यात असा देकार येतो तेव्हा तो नाकारायला फार बळ लागतं.

जातीबद्दल तू एक अक्षर लिहिलेलं नाहीस. मला ते जाणवलं. आपल्याकडे श्रीमंत-गरीब असं म्हणताना पुष्कळदा त्याखाली जात असते आणि नाव पैशाचं पुढे केलं जातं. तुमच्या बाबतीत तसं आहे का, मला ठाऊक नाही. असेल तर ते तिच्याशी उघड बोल. प्रकरण खरोखर लग्नापर्यंत गेलं आणि घरच्यांची संमती नसली तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे, नोटीस देऊन ३० दिवस थांबावं लागतं. पण ते फार पुढचं. आज तिने तुझ्यावर प्रेम करते असंही म्हटलेलं नाही.

तेही बोलू. ती वर्षभर येते, रोज बोलते, घरी बोलावते. याचा अर्थ तुला हवा तोच असेल असं नाही. एखादीला मित्र मनापासून आवडू शकतो आणि त्याच्याशी संसार करावासा वाटत नाही. विचार. सरळ, एकदा, दिवसाउजेडी, आणि आधी खरं सांगून झाल्यावर. ती नाही म्हणाली तर ते 'नाही' तुझ्या पथारीला असेल असं लगेच समजू नकोस, आणि तिच्या मागे मागेही जाऊ नकोस. तिला तो बाजार अभ्यासासाठी हवा आहे. तिला तिथे पुन्हा निर्धास्त येता आलं पाहिजे.

मित्र म्हणतात, पायरी ओळखून राहा. मला हे वाक्य आवडत नाही. तुला ओतीव पितळ आणि पत्र्याचं पितळ हातात घेताच कळतं. कडी कुठल्या दाराची, आतल्या की दिंडीदरवाजाची, हे तू सांगतोस. तांबट आळीत कुणाच्या हाताला कसा ठोका आहे ते तुला माहीत आहे. ती ज्या गोष्टी चार वर्षं पुस्तकातून शिकली त्या तू तिच्या हातात ठेवल्यास. ती तुझ्याकडे येत राहिली ती यासाठी, त्या नसलेल्या दुकानासाठी नव्हे. पायरी कुठली हे ठरवायचं असेल तर हेही मोजायला हवं. पण मित्रांच्या बोलण्यात थोडी काळजी आहे, त्यांना तोडून बोलू नकोस. तुझं काही बिनसलं तर रविवारी पथारी लावायला तेच येणार आहेत.

आता आमंत्रणाचं. जा, पण खोटं घेऊन जाऊ नकोस. त्या दिवसाआधी तिला सगळं सांगून झालेलं असलं पाहिजे. तिच्या आईवडिलांसमोर, पाहुण्यांच्या गर्दीत, 'काय करता आपण?' हा प्रश्न येणारच. तेव्हा तू खरं बोललास आणि तिला ते तिथेच पहिल्यांदा कळलं तर तो तिच्यावर अन्याय. खोटं बोललास तर तिलाही त्यात ओढलंस. तिला आधीच माहीत असेल तर तू शांतपणे म्हणू शकशील, 'जुन्या बाजारात बसतो, घड्याळं आणि पितळ विकतो.' पुढे काही जोडू नकोस. 'सध्या', 'तात्पुरतं', 'पुढे दुकान घेणार आहे', यातलं काही नको.

सगळं ऐकून ती म्हणाली की येऊ नकोस, तर जाऊ नकोस आणि वाद घालू नकोस. तिला विचार करायला वेळ लागेल.

गेलास तर स्वतःचा धुतलेला, इस्त्री केलेला शर्ट घाल. उसने बूट नकोत, पाय दुखले की माणूस बोलायचा थांबतो. भेट लहान आण. तुझ्याकडची एखादी छोटी समई, नीट घासलेली, पुरेशी आहे. तिच्या घरचे अतिशय गोड वागतील अशी शक्यता आहे. त्या गोडव्याला होकार समजू नकोस, सभ्य घरात पाहुण्याशी लोक तसंच वागतात. कुणी तिरकं बोललं तर उत्तर द्यायची घाई करू नकोस. ती तेव्हा काय करते ते बघ. तुझ्या बाजूला येऊन उभी राहते, विषय बदलते, की खाली बघते? माझ्या मते त्या दिवशी तुला जे कळायचं ते तिथे कळेल. खाली बघितलं तरी एकदम निकाल देऊ नकोस. तूही आईसमोर खाली बघितलेलं आहेस.

घड्याळाचं विचारलंस. ते रिडायल घालू नकोस. रोज मनगटावर जे असतं ते असू दे. काही नसेल तर काही नको.

पण हे सगळं बुधवारनंतर. मंगळवारी रात्री आईशी बोल. बुधवारी त्या मुलीला निरोप पाठव की बाजारात ये, काही सांगायचं आहे. ती आली की स्टूल तिला दे आणि तू खाली ताडपत्रीवर आईशेजारी बस. दुकानाचं सांग, कर्जाचं सांग, हंपीच्या रविवारचं सांग. पण सुरुवात यांपैकी कशानेही करू नकोस. तिने त्या दिवशी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर अजून बाकी आहे, तिथून कर. 'ही माझी आई,' म्हण. आईला आधी सांगून ठेव, म्हणजे तिला हात पुसायला वेळ मिळेल. आणि पाणी या वेळी तू आण, दोघींसाठी.